शिट्टी माझी नव्हती

"खांदा खाली, केतकी. कानाला चिकटवू नकोस त्याला."

"खालीच आहे, ताई."

"कुठे खाली? हा बघ." मी दोन बोटांनी तिचा डावा खांदा हलकेच दाबला. "आता सोड."

तिनं दोरी हनुवटीपर्यंत ओढली, श्वास धरला आणि सोडली. पंधरा मीटरवरच्या टार्गेटवर, मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या अगदी कडेला बाण जाऊन बसला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांची, घट्ट दोन वेण्या घातलेली ती मुलगी नेम लागला की कधी ओरडायची नाही. फक्त माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की तिचं समाधान व्हायचं.

भोरच्या पुढे डोंगराच्या उतारावर दाभाडे सरांचं उन्हाळी शिबिर भरायचं. सर निवृत्त क्रीडाशिक्षक. दर मे महिन्यात पुण्याची साठेक मुलं पंधरा दिवसांसाठी यायची. पोहणं, डोंगर चढणं आणि नेमबाजी. नेमबाजीची मैदानं दोन होती. दगडी बांधाच्या पलीकडे छऱ्याच्या बंदुका, त्या सर स्वतः शिकवायचे. अलीकडे धनुष्यबाण, ते माझ्याकडे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आदल्या हिवाळ्यात राज्याच्या संघातून माझं नाव दोन गुणांनी गेलं होतं, आणि पुढे काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मैदानावरचे सगळे हुकूम शिट्टीनं चालायचे. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या. एक म्हणजे सोडा. तीन म्हणजे धनुष्य खाली ठेवा आणि बाण आणायला चला. बंदुकीच्या मैदानावरही हीच पद्धत. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी मुलांना बजावून ठेवलं होतं, की पलीकडची शिट्टी ऐकून इकडे हलायचं नाही. शिवाय सोडायची शिट्टी देण्याआधी मी मोठ्यानं विचारायचे, "मैदान?" आणि समोरच्या टोकाकडून ढेबेमामा ओरडायचे, "मोकळं." त्यांचं "मोकळं" आल्याशिवाय मी शिट्टी तोंडाला लावत नसे.

ढेबेमामा वरच्या धनगरवाड्यातले. पन्नाशीचे असतील. आमची टार्गेटं तेच करायचे. गोणपाटात भाताचा पेंढा असा ठासून भरायचे की बाण आत शिरला की तिथेच थांबायचा, आणि मुलांनी दिवसभर मारा केला तरी टार्गेट फाटायचं नाही. वर रंगीत वर्तुळांचा कागद ते बाभळीच्या काट्यांनी टाचायचे. दिवसभर मैदानाच्या कडेला करंजाच्या सावलीत बसून राहायचे, आणि कागद सुटला, पेंढा सैल झाला, की उठून नीट करायचे.

शिबिराच्या आठव्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला राजवाडे आले. पुण्यात त्यांचं धनुर्विद्येचं नवं केंद्र सुरू होणार होतं आणि त्यांना मदतनीस प्रशिक्षक हवा होता. सरांनी माझं नाव सुचवलं होतं. ते येणार हे मला आदल्या दिवशी कळलं होतं, म्हणून सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मुलांकडून रेषेवरचा चुना पुन्हा मारून घेतला होता.

राजवाडे येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. उंच, चष्मेवाले, हातात एक वही. थोडा वेळ नुसतं बघत राहिले.

"ती शेवटची मुलगी छान सोडते," ते म्हणाले.

"केतकी. आठच दिवस झाले धनुष्य हातात घेऊन."

"बरं. आणि एका फेरीला तुम्ही वेळ किती लावता? मला वाटतं जरा संथ चाललंय."

संथ हा शब्द मला लागला. मी दोन शिट्ट्या दिल्या. सहा मुलं रेषेवर आली. पलीकडे सरांची शिट्टी वाजली आणि बंदुकांचा फटफट आवाज सुरू झाला. राजवाडे पुढे काहीतरी विचारत होते, मुलांच्या वयाबद्दल असावं. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बघाच आता," आणि त्यांच्याकडे तोंड ठेवूनच शिट्टी दिली.

"मैदान?" विचारलं नाही.

वाऱ्यानं सहाव्या टार्गेटचा कागद सुटला होता. ढेबेमामा मागच्या बाजूनं गेले होते आणि टार्गेटच्या आडून हात पुढे काढून कागदाचा कोपरा दाबत होते. रेषेवरून दिसला असता तर फक्त तो हात, तोही गोणपाटाच्याच रंगाचा. पाच मुलं अजून दोरीत बाण अडकवत होती. केतकीचा बाण लावून झाला होता. शिट्टी झाली की उगाच रेंगाळायचं नाही, पिवळ्याशिवाय कुठे बघायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. तिनं ओढलं आणि सोडलं. बाण जरासा डावीकडे गेला.

मामा ओरडले नाहीत. टार्गेटमागून बाहेर आले आणि उजवा हात डाव्या हातात धरून खाली बसले. बाण हाताच्या पाठीतून शिरून तळव्यातून बाहेर आला होता.

मी धावले. सरही बांध ओलांडून धावत आले. मी रुमालानं मामांचं मनगट बांधलं. सरांनी हाक मारली तसा स्वयंपाकघरातला माणूस जीप घेऊन आला. मामांना जीपमध्ये बसवल्यावर सर माझ्याकडे वळले. मुलं आमच्याभोवती जमली होती. केतकी अजून रेषेवरच उभी होती, हातात धनुष्य तसंच.

"शुभदा, शिट्टी कुणाची होती?" सरांनी विचारलं. "माझी तर आत्ताच झाली होती."

हर्षल नावाचा एक मुलगा म्हणाला, "सर, शिट्टी तर वाजली होती."

"अरे, ती माझी असेल. मी शुभदाला विचारतोय."

राजवाडे माझ्या शेजारीच होते. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला.

"माझी नव्हती," मी म्हणाले.

आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर ते तिथं असं उभं राहिलं, की जणू आधीपासूनच तसं होतं. सरांचा चेहरा जरा सैल झाला. आपल्या शिबिरातल्या मोठ्या माणसाची चूक नाही, म्हणून असेल. ते केतकीकडे वळले. आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत.

"बेटा, दुसऱ्या मैदानाची शिट्टी ऐकून सोडायचं नाही, हे सांगितलं होतं ना?"

केतकी माझ्याकडे बघत होती. नेम लागल्यावर बघायची, तशीच. मी मान खाली घालून जीपमध्ये चढले. मागोमाग सरही आले.

भोरच्या डॉक्टरांनी बाण काढला, पट्टी बांधली आणि पुण्याला न्यायला सांगितलं. बोटं हलवणाऱ्या दोन शिरा तुटल्या होत्या. सर मामांना घेऊन पुढे गेले. मी दुपारी शिबिरावर परतले, कारण मुलांपाशी कुणीतरी हवं होतं.

केतकी मुलींच्या खोलीत खाटेवर बसली होती. जेवली नव्हती. मी शेजारी बसले.

"ताई, मामांचा हात बरा होईल ना?"

"होईल."

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी तुमचीच शिट्टी ऐकली होती. मागून वाजली. सरांची उजवीकडून येते."

खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर ऐकायला एक बारा वर्षांची मुलगी सोडून दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. वेणीतून सुटलेल्या बटा कानामागे सारल्या.

"तुला तसं वाटलं असेल गं," मी म्हणाले. "गडबडीत होतं असं. तू मुद्दाम केलं नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे."

तिनं मान डोलावली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. मी तिला थोपटत राहिले.

सर रात्री उशिरा परतले. दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील न्यायला आले. वडील, गुळवणी, सरकारी खात्यात अभियंता होते. सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेले. सरांनी त्यांना ऑफिसात बसवून सगळं सांगितलं. पुण्यात पोचल्यावर आधी हॉस्पिटलात जाऊन मुलीला माफी मागायला लावतो, असं ते स्वतःच म्हणाले. सरांनी मलाही सोबत घेतलं.

मामांचं ऑपरेशन सकाळीच झालं होतं. हात पांढऱ्या बँडेजमध्ये उंच टांगला होता. त्यांची बायको खाटेच्या पायाशी खाली बसली होती. आम्ही पाच जण आत गेलो तशी ती उठून भिंतीला लागून उभी राहिली.

"पाया पड त्यांच्या," गुळवणी म्हणाले.

केतकी वाकली. मामांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"उठ, बाळा. तुझी काय बी चूक न्हाय. ताईची शिट्टी झाली, मंग तू सोडलास. म्या सोता आयकली की."

आता सगळं बाहेर येणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्या एका क्षणात थोडं बरंही वाटलं.

मग गुळवणींचे डोळे भरून आले. त्यांनी मुलीचा दंड धरला.

"बघ, केतकी. ज्याचा हात गेला तो माणूस तुला वाचवायला स्वतः खोटं बोलतोय. आणि तू काल फोनवर मला काय सांगत होतीस? ताईंनीच शिट्टी वाजवली म्हणून. लाज वाटू दे जरा."

"ढेबे, तुमच्यासारखं मन पाहिलं नाही," सर म्हणाले.

मामा गोंधळले. एकेकाच्या तोंडाकडे बघत शेवटी माझ्याकडे वळले.

"ताई, सांग की तू."

मी पुढे झाले आणि त्यांच्या छातीवरची चादर नीट केली.

"मामा, तुम्ही जास्त बोलू नका," मी म्हणाले. "डॉक्टरांनी आराम करायला सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो सोसला असता. ते नुसते बघत राहिले आणि मग भिंतीकडे तोंड केलं. केतकी वडिलांच्या मागोमाग बाहेर गेली. जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

जूनमध्ये मी राजवाड्यांच्या केंद्रात रुजू झाले. पहिल्या दिवशी त्यांनी मला मैदान दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "मी त्या दिवशी रेषेवर तुमच्याशी बोलायला नको होतं." पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. त्यांना सगळं ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, आणि अशी माणसं एकमेकांशी फार अदबीनं वागतात, तसं ते केंद्र सोडेपर्यंत अठरा वर्षं आम्ही वागलो. माझ्या हाताखाली मुलं तयार झाली. तिघी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. माझ्या मैदानावर कधी कुणाला साधं खरचटलंही नाही. लोक म्हणायचे, शुभदा मॅडम सुरक्षेच्या बाबतीत फार कडक आहेत.

ढेबेमामांकडे मी एकदा गेले होते, त्याच वर्षी दिवाळीच्या आधी. फळांची पिशवी घेऊन वरच्या वाड्यापर्यंत चढले. ते अंगणात बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं ताठ राहिली होती आणि मूठ वळत नव्हती. शेळीची धार आता बायकोच काढते, म्हणाले. मी बोलायला सुरुवात केली.

"मामा, त्या दिवशी माझी..."

"पोरीला सांगितलंस?" त्यांनी मधेच विचारलं.

"नाही."

"मंग मला कशापायी सांगतीस? मला ठावं हाय."

त्यांनी मला चहा दिला. मी प्याले आणि उतरले. पुन्हा गेले नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं सरांकडून कळलं.

गेल्या वर्षी शिबिराला चाळीस वर्षं झाली. जुन्या मुलांनी मोबाइलवर एक ग्रुप केला. दीडशे माणसं, जगभर पसरलेली, रोज कुणी ना कुणी जुने फोटो टाकायचं. सर चौऱ्याऐंशी वर्षांचे, तेही त्यात होते. डिसेंबरात सगळ्यांनी भेटायचं ठरत होतं. एका दुपारी कुणीतरी एका नव्या नंबरला आत घेतलं आणि लिहिलं, "केतकी गुळवणी सापडली." लोकांनी स्वागत केलं. मी बघत होते, लिहिलं काही नाही. मग हर्षलनं लिहिलं, "केतकी, डिसेंबरला नक्की ये. फक्त या वेळी बरोबर शिट्टी ऐक हं." त्याखाली दहाबारा हसरे चेहरे आले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

मिनिटभरात केतकी ग्रुपमधून बाहेर पडली.

तो फोन हातात घेऊन मी संध्याकाळपर्यंत बसले. त्या दिवशी मैदानावर गेले नाही. चोवीस वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, की मुलं विसरतात. तिचा नंबर ग्रुपच्या नोंदीत राहिला होता. तो उतरवून घेतला आणि फोन केला. नाव सांगितलं. भेटायला येऊ का, विचारलं. ती म्हणाली, "मी सांगलीला असते. गुरुवारी अकरा ते बारा मला तास नाही."

ती कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होती. प्राध्यापकांच्या खोलीत एका कोपऱ्यात ती बसली होती. केस आखूड कापलेले, कानाच्या मागे थोडे पांढरे झालेले. मी समोर बसले आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं. शिट्टी मी दिली होती. मैदान न बघता दिली. तू बरोबर ऐकलं होतंस. मामा खरं बोलत होते.

माझं संपल्यावर तिनं समोरच्या खडूचा एक तुकडा उचलला, बघितला आणि परत ठेवला.

"माझे कान तपासले होते घरच्यांनी," ती म्हणाली. "शिबिराहून आल्यावर लगेच. आईचं म्हणणं, हिला आवाज कुठून येतो ते कळत नसेल. रिपोर्ट अगदी चांगला आला. मग बाबा म्हणाले, म्हणजे हिला सगळं ऐकू येत होतं. तरी सोडला."

"दोन वर्षं मी सांगत होते, ताईंनीच वाजवली म्हणून. त्यावरून मार नाही खाल्ला कधी. बाबा मारायचे नाहीत. ते फक्त म्हणायचे, ढेब्यांसारखा अडाणी माणूस बघ आणि तू बघ. नववीत असताना एक दिवस मी म्हटलं, हो, मी चुकीची शिट्टी ऐकली. त्या दिवशी घरात सगळ्यांना इतकं बरं वाटलं. आईनं शिरा केला होता."

"बाबा आहेत?"

"मागच्या श्रावणात गेले."

बाहेर घंटा झाली. मुलं जिन्यावरून धावत गेली, त्यांचा आवाज निवळेपर्यंत ती थांबली.

"गंमत म्हणजे, आता मला काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगताय तुमचीच वाजली, आणि मी आठवून बघतेय. मामांचा हात आठवतो. तुम्ही माझे केस सारखे करत होतात ते आठवतं. शिट्टी मात्र कुठलीच ऐकू येत नाही. तुम्ही म्हणताय म्हणून खरं धरते."

"मी काय करू, केतकी?"

"त्या ग्रुपवर लिहा. सर अजून आहेत ना त्यात?"

"आहेत."

"मग लिहा. इथेच. माझ्यासमोर."

मी फोन काढला. अक्षरं चुकत होती. पाच-सहा ओळी लिहिल्या आणि फोन तिच्यापुढे सरकवला. विद्यार्थ्याची वही तपासावी तशी तिनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"इथे लिहिलंय, त्या दिवशी माझ्याकडून चुकून शिट्टी वाजली आणि चुकून ती माझी नव्हती असं मी म्हणाले." तिनं फोन माझ्याकडे वळवला. "पहिलं 'चुकून' राहू दे. दुसरं काढा."

मी ते काढलं. तिनं पुन्हा सगळं वाचलं.

"हं," ती म्हणाली.

मी पाठवलं. ती उठली, टेबलावरची पुस्तकं छातीशी धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बारावीचा तास आहे. तुम्हाला स्टँडवर जायचं असेल तर मागच्या फाटकानं जवळ पडतं." ती निघून गेली. माझ्या हातातला फोन एकामागोमाग एक वाजत होता. सरांचंही नाव त्यात दिसलं. एकही निरोप न उघडता मी तिथे बसून राहिले.